अक्काचा खळगा

गुलबर्गा, १४ नोव्हेंबर २००८

डोळे मिटले तरी तो पिवळा रंग जाईना. अँटिबॉडीला रक्तात सुजेचं प्रथिन सापडलं, की प्लेटमधला खळगा पिवळा होतो. संधिवाताच्या रुग्णांचे खळगे पिवळे झाले, ते ठीक. तुलनेला निरोगी रक्त आम्ही सगळेच घरच्यांचं आणतो. मी दिवाळीत गावाहून, चिंताकीहून, थोरल्या अक्काचं आणलं. तेच सगळ्यांत पिवळं?

लॅबमधले सर म्हणाले, "अँटिबॉडी फसली असेल, परत कर." परत केलं. माझ्या रक्ताचा खळगा पाण्यासारखा, तिचा पुन्हा पिवळा.

दिवाळीत सकाळी तिला भाकरी थापवत नव्हती. थंडीनं बोटं आखडल्यात, म्हणाली. मी कामून पुढं विचारलं न्हाई?

आत्ताच तिचा फोन आला. "माझं रक्त कामाला आलं न्हवं रे?"

"व्हय अक्का," म्हणालो. "लई."