ई ड्राइव्हमध्ये जागा कमी आहे

६ जानेवारी, सोमवार
इंदिरानगरच्या एक्स-रे सेंटरमध्ये आज रुजू झाले. देवळ्याहून निघताना आईने डब्यात शेंगदाण्याची चटणी दिली होती. ती इथे साफसफाई करणाऱ्या पुतळाबाईंना फार आवडली. त्या पेठ तालुक्याकडच्या. त्यांनी मला त्यांची अर्धी नागलीची भाकरी दिली. काम सोपं आहे: रिपोर्ट टाइप करायचे आणि एक्स-रे कॉम्प्युटरवर जपून ठेवायचे. खुर्चीसुद्धा नवी आहे. लागली बाई नोकरी एकदाची!

७ जानेवारी
ई ड्राइव्हमध्ये जागा कमी असल्याची सूचना दर पाच मिनिटांनी कोपऱ्यात उगवते. नको त्या फाइली उडवल्या, जुने अपडेट काढले. तरी हटत नाही. पेशंटचं नाव टाइप करताना हमखास आडवी येते.

८ जानेवारी
लपवलेल्या फाइली दिसतील असं सेटिंग केलं आणि कारण सापडलं. माझ्या आधी इथे काम करणाऱ्या गोरक्षच्या नावाचा भलामोठा फोल्डर. आत एकाच छातीचे एक्स-रे, रोज शेकडो, अगदी आजच्या तारखेपर्यंत. मशीनचा काहीतरी घोळ असणार. फोल्डर डिलीट केला, रिसायकल बिनही रिकामं केलं. सूचना गेली. चार वाजले होते. निवांत चहा घेतला.

९ जानेवारी
गोरक्ष गेला. काल चारच्या सुमारास, देवळाली कॅम्पच्या बाजारात, भाजी घेता घेता. पुतळाबाई रडत सांगत होत्या, पोराला साधा खोकला नव्हता.
सूचना परत आली आहे.

१० जानेवारी
दोन नवे फोल्डर. एक पुतळाबाईंच्या नावाचा. एक माझ्या. स्नेहल.
माझा उघडला. डाव्या कॉलरबोनवर प्लेट, सहा स्क्रू. बारावीत स्कूटीवरून पडले होते, तेव्हा बसवलेली. या मशीनसमोर मी कधीच उभी राहिलेले नाही.
एक फोटो डिलीट करून पाहिला. त्याच क्षणी छातीतला एक ठोका खरोखरच गळाला.

११ जानेवारी
डॉक्टरांना सांगितलं. ते हसले आणि कॉम्प्युटर बघणाऱ्या अमोलला फोन लावला. त्याने तिकडूनच सूचना बंद करून टाकली. वर म्हणाला, आता ड्राइव्ह भरला की सगळ्यात मोठा फोल्डर आपोआप कायमचा उडेल, काळजी नको.
सगळ्यात मोठा माझा आहे.
ते सेटिंग बदलायचा पासवर्ड त्याच्याकडे. त्याचा फोन बंद.

१३ जानेवारी
कॉम्प्युटर बंद ठेवून पाहिला. चालू केल्यावर फोटो तेवढेच वाढलेले.
माझा फोल्डर पेनड्राइव्हवर हलवायला घेतला. अर्ध्यावर डोळ्यांपुढे अंधार — जमिनीवर पडले. पुतळाबाईंनी पेनड्राइव्ह उपटला, तेव्हा श्वास आला. म्हणाल्या, पार निळ्या पडल्या होत्या ताई तुम्ही.

१४ जानेवारी
पुतळाबाईंनी तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोला म्हणाल्या.
दोनशे एमबी उरलेत.
त्यांचा फोल्डर डिलीट केला. मीच केला —
बाहेर बादली पडली.
जागा वाढली नाही. फोल्डर रिसायकल बिनमध्ये आहे. ते रिकामं केल्याशिवाय —
“ताई, धरा वो मला.”
परत आणता येईल अजून. पण आणला तर माझा —
नव्वद.
स्क्रीन विचारतेय, कायमचं काढायचं का.
पुन्हा हाक. बारीक.
सत्तर. हात माउसवर आहे. मी आता