बाबांचा स्प्रे आणि करवत

बाबा,

मी लॅबमध्ये चालले आहे, सहापर्यंत येते.

नाकातल्या स्प्रेबद्दल काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. डोळ्यांत थेंब घालताना टाकतो तशी मान मागे टाका म्हणाले आणि तुम्ही लेकीवर विश्वास ठेवून टाकलीत. म्हणून औषध घशात उतरलं, तोंड कडू झालं आणि ‘हे काही लागू पडत नाही’ म्हणत तुम्ही दुपारी आणखी दोनदा मारलंत. खोक्यातला कागद मी आज सकाळी वाचला. फार्मसीची पदवी घेऊन बसलेय नुसती!

मान किंचित पुढे झुकवायची. डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच, सकाळ-संध्याकाळ. मधे कितीही शिंका आल्या तरी नाही. सर्दीची ती पिवळी गोळी सोबत घेऊ नका, दोन्हींनी झोप येते. कालच्या जास्तीच्या डोसाबद्दल मी येताना डॉक्टरांना विचारते. शेजारच्या काकांना विचारू नका.

झोपेचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. काल करवत चालू होती आणि तुम्ही फळीवर हात ठेवून पेंगत होतात. ‘विचार करत होतो’ म्हणालात. डोळे मिटून? तुमची दहाही बोटं जागेवर आहेत हे पाहूनच कारखान्यातून बाहेर पडले.

गिऱ्हाइकाला फोन केलाय, दार दोन दिवसांनी चालेल म्हणाले. आज नुसत्या बिजागऱ्या बसवा. करवतीचा फ्यूज माझ्या पर्समध्ये आहे, शोधत बसू नका. रागवायचं असेल तर आल्यावर रागवा, मी ऐकून घेईन.

तुमची धाकटी