म्हाताऱ्याची लय आणि धोंड्याचं जेवण

शिरड शहापूर,
निज ज्येष्ठ, पेरणी उरकल्यावरचा रविवार

श्रीयुत विश्वंभरराव व्याहीसाहेब यांच्या सेवेशी सोमेश्वरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. विहीणबाईंना आमच्या घरातून नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, आणि कोमलला सांगा की तिच्या आईच्या गुडघ्याला उतार आहे. आता तुमची तब्येत विचारायची रीत आहे. पण धोंड्याच्या महिन्यात आमच्या गावाने तुमच्या तब्येतीबद्दल जो समज करून घेतला, त्यानंतर हा प्रश्न विचारायला माझी जीभ रेटत नाही. तेव्हा तुम्ही ठणठणीत आहात असं धरूनच चालतो. इकडचे सगळे आहेत. बरे आहेत असं लिहवत नाही, थकलेले आहेत. सोयाबीन पेरून झालं, हळद लावून झाली, आणि तुम्ही जिवंत आहात हे ज्याला-त्याला सांगून सांगून माझा घसा बसला.

फोन करून पाहिला. जावईबापू म्हणतात, बाबा फिरायला गेलेत. सकाळी केला तरी फिरायला, दुपारी केला तरी फिरायला. संभाजीनगरच्या उन्हात दुपारी कोण फिरतं असं मनात आलं, पण मुलीकडच्याने जास्त खोलात जाऊ नये म्हणून मी आपला 'बरं बरं' म्हणून ठेवून देतो. म्हणून हे पत्र. यात दोन गोष्टी आहेत. एक माफी, आणि दुसरी कोमलबद्दलची एक विनंती. ती विनंती मी त्या जेवणाच्या दिवशीच करणार होतो, किंबहुना तो सगळा थाट तिच्यासाठीच होता. तुमच्या दिवाणखान्यातल्या पियानोसंबंधी आहे, एवढं आत्ताच सांगून ठेवतो. बाकीचं धीर आला की लिहीन. आधी माफी उरकू.

तुम्हाला आठवत असेल, लग्नात मानपानाच्या ताटात टॉवेल-टोपीवर तुम्ही एक पेनड्राइव्ह ठेवला होता. (आमच्या भावकीला वाटलं आत लग्नाचे फोटो आहेत. ग्यानबा, म्हणजे माझे चुलते, तो महिनाभर देव्हाऱ्यात ठेवून होते.) त्यात शुबर्टसाहेबांचा एकच तुकडा दोघांनी पियानोवर वाजवलेला निघाला, एक तुमचा लाडका म्हातारा वादक आणि दुसरी एक बाई. खाली तुमची सूचना, 'दोन्ही ऐकून कोणतं सरस ते कळवावे.' मी भजनी मंडळात पेटी वाजवणारा माणूस. पियानो म्हणजे काय हे मला तुमच्या घरी आल्यावर कळलं, तेही उशिरा, कारण त्यावर विहीणबाईंनी विणलेलं झाकण, चार फोटो आणि फुलदाणी होती आणि मला ते कपाट वाटलं. पण तुमची आज्ञा म्हणून शेतातल्या आखाड्यावर खाट टाकून, कानात मोबाइलची बोंडं घालून ऐकायला लागलो, आणि खरं सांगतो, लागलीच अडकलो. पंधरा दिवसांनी ठरवलं की बाई सरस. आणि तुम्हाला कळवलं की म्हातारा सरस. कारण तोवर तुमचा फोन येऊन गेला होता की म्हाताऱ्यापुढे बाकी सगळे पोरखेळ.

तिथून जे सुरू झालं ते आजतागायत. तुम्ही दर महिन्याला नवं काहीतरी पाठवता, हाच तुकडा अमक्याने कसा वाजवला, तमक्याच्या मैफिलीत लोक कसे उभे राहिले, आणि शेवटी म्हातारा तो म्हाताराच. मी म्हणतो, बराबर आहे तुमचं. मुलीचा बाप आहे मी. तुम्ही आमच्याकडच्या पुरणात मीठ आहे म्हणालात तरी मी पुरणाला बोल लावीन. पण व्याहीसाहेब, शेतीत, नात्यात, भाऊबंदकीत हो म्हणून दिवस काढता येतात. गाण्यात फार जड जातं. रात्री जेवताना मी घरात म्हणायचो की बाईचा डावा हात ऐक, पायाखालची जमीन कशी घट्ट वाटते. तर आमच्या पार्वतीबाई म्हणायच्या, 'मला काहून सांगून राहिलात? व्याह्यांला सांगा की.' तेवढं मात्र होत नव्हतं. अख्ख्या मराठवाड्यात या विषयावर बोलावं असा एकच माणूस मला मिळाला, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला.

तर धोंड्याचं जेवण. जावयाबरोबर तुम्हीही येणार म्हटल्यावर मी ठरवलं की तुमच्या म्हाताऱ्याने तुमचं स्वागत करायचं. पानं वाढली की तो सुरू व्हायचा, तुम्ही खूश व्हायचं, आणि अनारशांचं ताट पुढे आल्यावर मी हळूच विनंती काढायची. मोबाइलचा आवाज काय पुरणार, म्हणून जवळा बाजारच्या धर्मसिंगला त्याचे मंडपाचे स्पीकरचे मोठे डबे घेऊन बोलावलं. (माणूस गुणी आहे. तांड्यावरून स्वतः टेम्पो चालवत आला आणि डबे लावून झाल्यावर म्हणाला, 'भाऊ, आवाज औंढ्यापोतर जाईल, काळजी करू नका.' मी काळजी तेव्हाच करायला हवी होती.)

आता आमच्या गावची एक रीत तुम्हाला सांगायला हवी होती, ती राहिली. कोणी गेलं की मारुतीच्या देवळावरच्या कर्ण्यावर आधी एक संथ धून लागते, मग थोडी शांतता, मग नाव. धून ऐकली की माणसं हातातलं काम टाकून उठतात, कोण गेलं ते वाटेत कळतं. आता तुमच्या म्हाताऱ्याची सुरुवात आठवा. चार सूर, मग शांतता. गावाने नावाची वाट पाहिली. नाव आलं नाही. पुन्हा चार सूर, पुन्हा शांतता. पारावरचा दगडोबा म्हणाला म्हणे, 'नाव सांगणाऱ्याला हुंदका आला आसंल.' आवाज देवळावरून नाही, माझ्या घरून येत होता. सकाळी तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हा उन्हाने तुमचा चेहरा पार उतरला होता, ते पारावरच्या लोकांनी पाहिलं होतं. त्यांनी आपापसात ठरवूनच टाकलं की सोमेश्वरचा व्याही गेला, तोही जेवायला बोलावलेला.

पुढचं तुम्ही पाहिलंच. तरी माझ्या बाजूने सांगतो. मी तूप आणायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर अंगण भरलेलं, पुरुष खांद्यावर टॉवेल टाकून, बाया डोक्यावरून पदर घेऊन. दगडोबा दोन हिरवे बांबू घेऊन आला होता आणि ते त्याने तुमच्या गाडीला टेकवून ठेवले. ग्यानबांनी माझा हात धरला आणि सोडेनात. कमलबाई (गावात कुठेही माती असली तरी रडायला पहिला सूर त्यांचाच लागतो) उंबऱ्यातच बसल्या आणि सुरू झाल्या, 'आरं राजावानी पाव्हण्या, जेवाया आलास अन् उपाशीच गेलास रं.' तेव्हा तुमच्या हातात पुरणाचा दुसरा धोंडा होता. तुम्ही अगदी सभ्यपणे म्हणालात, 'बाई, मी इथेच आहे.' त्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना वाटलं तुम्ही मयताचे थोरले भाऊ. त्यांनी तुमच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, 'तुमी खाऊन घ्या, भाऊ. मागं राहिलेल्याला खावंच लागतंय.' एवढी माणसं जमलेली पाहून धर्मसिंगला वाटलं, लोकांना गाणं आवडलं. त्याने आवाज वाढवला. आणि व्याहीसाहेब, तो तुकडा संपत नव्हता.

तुम्ही हात धुतलात, 'असो' म्हणालात आणि निघालात. अनारसे तसेच राहिले. तुमचं 'असो' माझ्या कानात अजून आहे. तर या सगळ्याबद्दल, गावातर्फे, कमलबाईंतर्फे आणि बांबूंतर्फे मी तुमची मनापासून माफी मागतो. गावाचं चुकलं. पूर्ण चुकलं. त्यात शंका नाही.

फक्त एवढंच म्हणतो की अगदीच चुकलं असंही नाही. मला हे लिहायचं नव्हतं, पण पेरणीने अंग मोडलंय आणि थकलेल्या माणसाला खोटं बोलायचा उत्साह राहत नाही. शंभर-दीडशे माणसं, ज्यांनी जन्मात पियानो ऐकला नाही, ती एकाच वेळी एकाच निष्कर्षाला येतात, तेव्हा त्यात म्हाताऱ्याचाही थोडा हात धरायला पाहिजे. दोन सुरांमध्ये तो इतका थांबतो की मी एकदा उठून विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर बंद करून आलो तरी पुढचा सूर पडायचा होता. तुम्ही याला खोली म्हणता. ग्यानबांनी मला घरी जाताना विचारलं, 'हे बुवा कुनी मेल्याबिगर वाजवतच न्हाईत का?'

मग खात्री करावी म्हणून बाजाराच्या दिवशी मी जवळा बाजारला गेलो आणि धर्मसिंगच्या दुकानापुढे त्याच डब्यांवर तोच तुकडा लावला, पण बाईचा. मिरच्या विकणाऱ्या बाया मिरच्या विकत राहिल्या. कोणी टॉवेल खांद्यावर टाकला नाही. दोघे जण थांबले, थोडं ऐकलं, आणि त्यातल्या एकाने धर्मसिंगला पुढच्या लग्नसराईची तारीख मोकळी आहे का विचारलं. यावरून काही सिद्ध होत नाही, मला कळतं. पण सूर तेच, तुकडा तोच, डबे तेच, आणि एकात माणसं बांबू आणतात, दुसऱ्यात तारीख काढतात.

म्हाताऱ्यावर माझा राग आहे असं समजू नका. तुम्ही मागे त्याच्या अखेरच्या काळातली मैफल पाठवली होती, ज्यात लोक सारखे खोकतात, ती मला फार आवडते. (तुम्ही म्हणाला होता ती ऐकू नका, नुसती असू द्या.) त्यात तो दोन ठिकाणी चुकतो, आणि चुकल्यावर जरा घाई करतो, आपण दारात पाहुणे दिसल्यावर करतो तशी. ती घाई ऐकली की मला त्याच्याबद्दल माया वाटते. पेनड्राइव्हवर तो कधी चुकत नाही, म्हणून मला त्याची भीतीच वाटते, जशी तुमची वाटते. हे वाक्य खोडणार होतो, पण कागद खराब होईल म्हणून राहू देतो.

लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला. राग माझ्यावर काढा, दर महिन्याचं पाठवणं बंद करू नका. या महिन्यात काही आलं नाही. आखाड्यावर खाट तशीच टाकतो आणि जुनंच ऐकत पडतो.

आपला, अजूनही सगळ्यात होकार असलेला,
सोमेश्वर

ता. क. – विनंती राहिलीच. कोमल लहानपणापासून माझ्या मांडीला मांडी लावून पेटीला बसायची. तुमचा पियानो कोणी वाजवत नाही, तुम्हीसुद्धा नाही, आणि हात लावला की सूर बिघडतो म्हणून कोणी लावायचा नाही हा तुमचा नियम मला माहीत आहे. पण धूळ पुसायचं काम कोमलकडे आहे. ती पट्ट्या एकेक करून पुसते, सावकाश, म्हणजे प्रत्येकीचा आवाज येतो. हे तिने आईला फोनवर हसत हसत सांगितलं. पार्वतीबाईही हसल्या, आणि फोन ठेवून पदराने डोळे पुसत बसल्या. पोरीला शिकायचंय, व्याहीसाहेब. ती तुमच्या घरात कधी मागणार नाही, कारण मागायचं नाही हे मीच तिला लग्नाच्या आधी शिकवून पाठवलं. तिला त्या पियानोवर बसू द्या.

ता. क. दुसरा – मी हे लिहिलंय हे कोमलला माहीत नाही. नाही म्हणायचं असेल तर मलाच म्हणा, पोरीपर्यंत जाऊ देऊ नका. आणि हो म्हणालात, तर मी मागितलं असं तिला सांगू नका. तुमच्याच मनात आलं असं सांगा. मुलाकडच्यांच्या मनात आलेलं तिला संकोच न करता घेता येईल. मग तुम्ही मला फोन करून ती बातमी द्या. मी चकित होईन. मला सवय आहे.

ता. क. तिसरा – तिला पहिला हाच तुकडा द्या, आणि वाजवायला सांगाल तर म्हाताऱ्यासारखं सांगा. चार सूर, मग शांतता. शिकणाऱ्याला पुढची पट्टी शोधायला तेवढा वेळ लागतोच. या एका बाबतीत म्हातारा सरस, आणि हे मी मुलीचा बाप म्हणून म्हणत नाही.