अस्मिताने दिलेल्या वह्या

कात्रज, पुणे
१४ सप्टेंबर

प्रिय अब्बू,

यास्मिनचा सलाम. मी छान आहे. अम्मीचा गुडघा आता कसा आहे?

अकरावीचं गणित क्लासने तीन महिन्यांतच संपवलं. त्रिकोणमिती नीट कळायच्या आधीच बारावीचं इंटिग्रेशन सुरू झालंय. पण काळजी करू नका, जमेल मला.

माझी रूममेट अस्मिता दहावीला गणितात शंभरपैकी शंभर मिळवून आली होती. मागच्या चाचणीत तिला पन्नासपैकी नऊ पडले. सरांनी सगळ्यांसमोर तिला शेवटच्या बॅचला पाठवलं. तेव्हापासून ती धड जेवत नाही.

आज सकाळी तिने तिच्या सगळ्या वह्या आणि कंपासपेटी माझ्या हातात ठेवली. "तुला नकोत?" मी विचारलं.

ती हसून म्हणाली, "मला आता लागणार नाहीत गं."

ते हसणं मला बरं वाटलं नाही. मी लगेच रेक्टर मॅडमना सांगितलं आणि तिच्या आईला फोन लावला. त्या साताऱ्याहून निघाल्या आहेत. त्या येईपर्यंत मी तिच्या पलंगाशेजारी बसून हे लिहितेय. दाराला कडी लावू दिलेली नाही.

अब्बू, मलाही अकराच मिळालेत. रविवारी फोन कराल तेव्हा आधी मी जेवले का, ते विचारा. मार्क नंतर.

तुमची,
यास्मिन