शुक्रवारचे ताट

बीड, शुक्रवार, सायंकाळ

माझी बायको रेबेका वारली, त्याला दोन महिने झाले. तिच्या आजोबांचा एक भाऊ इतर ज्यू स्वयंसेवकांसोबत स्पेनच्या यादवी युद्धात लढायला गेला, ही कथा मी आमच्या मुलाला, डॅनियलला, लहानपणापासून अभिमानाने ऐकवली. तेव्हा ती उठून आत जात असे. मला वाटे, कंटाळली असेल.

आज डॅनियलने तिकीट दाखवले. तोही परक्या देशातल्या यादवीत लढायला निघाला आहे. मी म्हणालो, जाऊ नकोस.

"अण्णा, तुमीच शिकवलं की. आता कावून अडवता?"

स्पेनला गेलेला तो भाऊ परतलाच नाही; त्याची आई स्वतः मरेपर्यंत दर शुक्रवारी, शब्बाथच्या जेवणाला, त्याचे ताट वाढत असे. रेबेकाने लहानपणी ते ताट पाहिले होते. हे मी डॅनियलला कधीच सांगितले नव्हते; आज सांगितले.

तो हसला. "मग तुमीबी माझं वाढत जा."

दोन ताटे वाढली आहेत. तो आत बॅग भरतो आहे.