‘गिव्ह’ला लागलेली शेपटं

बाई, तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता कितीतरी मोठी आहे. तुमच्याशी बोलताना मात्र अजूनही उभं राहावंसं वाटतं, म्हणून मुद्दाम बसून लिहिते आहे. दुपारची वेळ आहे. घरात कोणी नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब आहे, आणि पुसदच्या या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसतं. अशा वेळी मला पांढरकवड्याची तुमची शाळा आठवते, मुलींच्या बाजूचा शेवटचा बाक आठवतो, आणि त्या बाकावर एकटी बसलेली मी.

माझ्या शेजारी बसू नये असं वर्गात कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी कोणी बसत नसे. आमच्या वस्तीनं धम्म घेऊन काही वर्षं झाली होती. गावाला ते ठाऊक होतं, पण बाकांची व्यवस्था जुनीच राहिली होती. आई मी लहान असतानाच गेली होती. बाबा मुकुटबनकडून येऊन पांढरकवड्याच्या जिनिंग कारखान्यात लागले होते. कापसाच्या दिवसांत ते अंधार पडल्यावरच घरी यायचे. शाळा सुटली की मी कुलूप काढायची, चूल पेटवायची आणि भिंतीशी पाठ लावून बसायची. दिवसभरात माझं नाव घेऊन कोणी हाक मारली तर ती हजेरीच्या वेळी.

तुम्ही नागपूरहून आलात, इंग्रजी शिकवायला. लहान वयात विधवा झालेली, शिकलेली, एकटी राहणारी बाई म्हणून सगळं गाव तुमच्याकडे बघत होतं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही फळ्यावर ‘गिव्ह’ लिहिलंत आणि म्हणालात, “हे एवढंसं क्रियापद. याला शेपूट लावलं की जनावरच बदलतं.” मग एकेक शेपूट लावत गेलात, अप, इन, अवे, बॅक. घरी जाऊन प्रत्येकीनं वाक्यं करून आणायची होती. पुस्तकातली चालणार नव्हती, आपल्या घरातली हवी होती.

माझ्या घरातलं म्हणून मी लिहिलं की माझ्या वडिलांनी आमचे देव दिले, आणि पुढे ‘अवे’ लावलं. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

“कोणाला दिले देव?” तुम्ही विचारलंत.

“कोनालेच नाही दिले बाई. नदीत शिरवले.”

“मग अवे नाही चालणार. ते दुसऱ्याला देऊन टाकणं झालं. तुझ्या वडिलांनी सोडले. गिव्ह अप.” तुम्ही लाल शाईनं एकच शब्द बदललात आणि वही मिटता मिटता म्हणालात, “सोडताना त्यांना कसं वाटलं असेल?”

हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी तुम्हाला सांगितलं, की नदीवरून परत आल्यावर बाबांनी देवांचा कोनाडा शेणानं सारवला, बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “आता अठी कंदील ठेवत जाय.” तुम्ही वही माझ्या हातात दिलीत. शनिवारी सकाळची शाळा झाली की घरी ये, एवढंच म्हणालात.

त्या पहिल्या शनिवारी मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसते. तुम्ही स्टोव्हवर पोळ्या करता आहात, पाठ माझ्याकडे आहे. मी वाक्य वाचते, तुम्ही न वळता चुका सांगता. मग एकदम वळून, लाटणं हातात तसंच, रागावून म्हणता, “उंबरठ्यावर बसून इंग्रजी येत नाही. आत ये.” मी आत येते. तुम्ही ताट वाढता, दोन वाढता. आणि जेवताना विचारता, “देऊन टाकलं आणि देऊन बसले, यात काय फरक?”

“देऊन बसलं का मंग पस्तावा येते,” मी म्हणते.

“बघ. तुला येतंच आहे. आपल्याही क्रियापदाला शेपूट आहे, आपण ते बघत नाही इतकंच.”

किती साधं वाक्य होतं ते. पण तुला येतंच आहे, असं मला त्याआधी कोणी म्हटलं नव्हतं. घरी येताना रस्त्यात मी जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या बोलण्यातली शेपटं शोधत होते. येऊन राह्यला, घेऊन जाय, मरून गेली, ठेवून दे. सगळं गाव मला शब्द पुरवत होतं आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता.

असे काही महिने गेले. मग एका शनिवारी मी तुमच्या माठातलं पाणी माझ्या हातानं घेतलं आणि मागच्या दारातून घरमालकीणबाईंनी ते पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. तुम्हाला ताप आला तेव्हा त्यांनीच पेज करून दिली होती. पण त्या दारातच उभ्या राहिल्या. “बाई, तुमी कायले त्या पोरीले चुलीपाशी घेता? शिकवू नका असं मी नाही म्हनत. ओसरीवर बसवून शिकवा.”

“ती ओसरीवर बसणार नाही,” तुम्ही म्हणालात.

“मंग मले माह्या घराचं पाहा लागते. तुमी दुसरी खोली पाहून घ्या.”

तुम्ही स्टोव्हची हवा सोडलीत. तो फुस्स करून विझला आणि खोलीत रॉकेलचा वास पसरला. मी भांडं हातात धरून उभी होते. खाली ठेवावं की पाणी प्यावं, मला कळेना. तुम्ही म्हणालात, “पी ते. आणि पुढचं वाक्य वाच.” मी वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही.

गावात विधवेला, त्यातून एकटीला, खोली सहजी मिळत नव्हती. शेवटी जिनिंगाच्या मागे पत्र्याची एक खोली मिळाली, आणि तीही बाबांनी शब्द टाकला म्हणून. सामान न्यायला बाबा हातगाडा घेऊन आले. त्यांनी तुमची ट्रंक उचलली, पुस्तकं उचलली, आणि गाड्याला हात घालण्याआधी मान खाली घालून म्हणाले, “आमच्यापायी तुमाले तरास झाला बाई.”

“तुमच्यापायी नाही,” तुम्ही म्हणालात. “चला.”

बाबा पुढे गाडा ओढत होते. तुम्ही आणि मी मागून चाललो होतो, स्टोव्ह तुमच्या हातात होता. दुकानातली माणसं बघत होती. मला काहीतरी बोलायचं होतं आणि बोलायला इंग्रजीशिवाय काही सुचेना. मी विचारलं, “बाई, हे गिव्ह इन झालं का?”

तुम्ही थांबलात. “नाही. तिचं ऐकून तुला ओसरीवर बसवलं असतं तर ते गिव्ह इन झालं असतं. मी खोली सोडली. ते गिव्ह अप.” मग आपण पुन्हा चालू लागलो. थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, तुम्ही हळूच म्हणालात, “खोली चांगली होती गं पण.”

बाई, या वाक्यानं मला जितकं शिकवलं तितकं व्याकरणानं शिकवलं नाही. सोडणाऱ्याला दुखत नाही असं मी तोवर समजत होते.

नव्या खोलीत कापसाचे तंतू उडत असत. चादरीवर, पुस्तकांवर, पोळ्यांच्या पिठावर पांढरा थर बसायचा. तुम्हाला तिथेच खोकला लागला. शाळेतल्या बाया पूर्वी संध्याकाळी तुमच्याकडे यायच्या, त्या येईनाशा झाल्या. दिवाळीत तुम्ही नागपूरला भावाकडे जाणार म्हणून ट्रंक भरली होती, आणि दोन दिवसांनी मी आले तर तुम्ही ती रिकामी करत होता. शेजारी तुमच्या भावाचं पत्र पडलं होतं. मी बाबांना सांगितलं, तर ते स्वतः तुम्हाला जेवायला बोलवायला आले. तुम्ही आमच्या घरी पाटावर बसलात. बाबा तुमच्यासमोर काही केल्या बसेनात. बोलायला विषय नव्हता, म्हणून तुम्ही त्यांना सरकी कशी वेगळी होते ते विचारलंत, आणि माझा अबोल बाप उभ्याउभ्या जेवण होईपर्यंत यंत्राबद्दल बोलत राहिला. एवढं बोलताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी मॅट्रिक झाले, शिकायला अमरावतीला गेले. तुमची तब्येत बिघडली, तुम्ही नोकरी सोडून नागपूरला गेलात, हे बाबांकडून कळलं. पुसदला शाळेत लागल्यावर पहिल्या सुटीत मी तुमच्या भावाचं घर शोधत आले. एका बाईनं अर्धं दार उघडलं. “त्या वारल्या, उन्हाळ्यातच,” ती म्हणाली. “तुम्ही कोण?” मी म्हणाले, विद्यार्थिनी. तिनं मान हलवली आणि मी आणखी काही बोलेन म्हणून वाट पाहत उभी राहिली. मी नमस्कार करून निघाले. तुमच्यासाठी आणलेली तुरीची डाळ मी तशीच परत नेली. एसटीत ती पिशवी मांडीवर होती, आणि शेजारच्या माणसानं विचारलं, बाजार करून आल्या का. मी हो म्हणाले.

मग मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापक म्हणाले की या बाईंना भाषेची विलक्षण ओढ. मी हार गळ्यात घेऊन ऐकत होते.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, म्हणून लिहून ठेवते. मला इंग्रजी कधी आवडलं नाही, बाई. तेव्हाही नाही, नंतरही नाही. घरी कुलूप असायचं आणि तुमचं दार उघडं असायचं. ‘गिव्ह’ संपत आलं तेव्हा मी ‘टेक’ची शेपटं मागितली. ‘टेक’ झालं तेव्हा ‘पुट’. तेही झालं, तेव्हा मी भीत भीत विचारलं की अजून एखादं आहे का. तुम्ही म्हणालात, ‘गेट’ आहे, पण ते फार मोठं आहे, त्याला वर्ष जाईल.

मला तेच हवं होतं.