चान्या घातलेला पिझ्झा

माय,

काल इथं बुलढाण्याच्या घरी आम्ही पिझ्झा केला. तुला तो माहीत असायचं कारण नाही. मैद्याची जाड भाकरी समज, यीस्ट घालून फुगवलेली. तिच्यावर टोमॅटोची चटणी पसरायची, चीज घालायचं, वरून ज्याला जे आवडेल ते पेरायचं आणि सगळं एकदम भाजायचं. तुझा नातू चार दिवसांसाठी पुण्याहून आला आहे. सोबत त्याची मुलगी, म्हणजे तुझी पणती. सुनेला ऑफिसातून सुटी मिळाली नाही. पणती अकरा वर्षांची आहे आणि हातात मोबाइल असला की तिला जगातलं काहीही रांधता येतं. पीठ मात्र तिनं मला मळायला लावलं. कोमट पाणी, चमचाभर साखर, यीस्ट, मग तासभर झाकून ठेवायचं. दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघत होती, आणि प्रत्येक वेळी मी तिला ओरडत होते, तू मला ओरडायचीस तशी.

आज सहज ‘माय’ लिहिलं गेलं. कॉन्व्हेंटमध्ये जायला लागल्यावर मी हा शब्द सोडला होता. वर्गातल्या मुली मम्मी म्हणायच्या. तेवढी माझी हिंमत नव्हती, म्हणून मी ‘आई’ म्हणायला लागले. तू ओ द्यायचीस, पण जराशा उशिरानं, कोणाला हाक मारली ते आधी बघून घेतल्यासारखी. त्या उशिराचा मला तेव्हा राग यायचा.

तर पिझ्झा. तुझ्या नातवानं थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून एक चीज आणलं होतं. वेष्टन उघडलं तर पांढऱ्या वडीत निळ्या-हिरव्या शिरा. बुरशीच ती, मुद्दाम धरवलेली. तू असतीस तर ‘बुरा आला याले’ म्हणून उकिरड्यावर टाकून आली असतीस. आणि वास असा की ओलं गोणपाट आठ दिवस बंद खोलीत राहिलं असावं. मी पदर नाकाला लावला तशी पणती हसली. म्हणाली, आजी, हा वास यावा म्हणूनच ते महिनोन् महिने ठेवतात, वास नसेल तर लोक दुकानदाराला परत करतात. तुझ्या नातवानं एक कण बोटावर घेतला आणि डोळे मिटून खाल्ला. मग दोघंही वाकून वाकून त्याचा वास घ्यायला लागले. घरात एखाद्या गोष्टीला एवढा वास येतो आहे आणि कोणी खिडक्या लावायला धावत नाही, कोणाची मान खाली जात नाही, हे मी ओट्याशी उभी राहून बघत होते. हात पिठात होते आणि डोळ्यांपुढं तो शनिवार होता.

मी सातवीत आहे. बाबा जिल्हा परिषदेत कारकून, आणि आपण तिथल्या क्वार्टरमध्ये राहतो. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, मागं छोटं अंगण. आदल्या दिवशी क्वार्टरमधल्या आपल्या चार घरांनी मिळून बकरा कापलेला, वाटे झालेले, आणि त्या वेळी आपला वाटा जरा मोठा आलेला. उरलेल्या मटणाच्या तू लांब लांब पट्ट्या कापतेस, मीठ-हळद चोळतेस आणि अंगणातल्या तारेवर वाळत घालतेस. चान्या. वरून बाबांच्या जुन्या धोतराचं फडकं. कावळे येऊ नयेत म्हणून काठी घेऊन तू खाली बसली आहेस आणि बसल्या बसल्या तांदूळ निवडते आहेस. चान्या म्हटलं की आपण कोण ते न विचारता कळायचं, आणि ते कळू नये यासाठी मी शाळेत किती काय करत होते ते तुला माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. डब्यात मी फक्त बटाट्याची भाजी मागायची.

मागच्या फाटकातून माझी मैत्रीण येते, सरकारी डॉक्टरांची मुलगी. भूगोलाची वही हवी आहे. सायकल भिंतीला टेकवते, तारेकडे बघते आणि साधंच विचारते की काकू, हे काय वाळत घातलंय? तिच्या विचारण्यात काही वाईट नव्हतं. आज तर मला ते नक्की ठाऊक आहे. तू तोंड उघडायच्या आत मी बोलून जाते.

“ते कुत्र्यासाठी आहे.”

मैत्रीण अंगणभर बघते आणि विचारते, कुठाय कुत्रा? आपल्याकडे कुत्रा कधीच नव्हता. तू माझ्याकडे एकदा बघतेस. सूप बाजूला ठेवतेस.

“फिराले गेलं ते,” तू म्हणतेस. “येईन संध्याकाळी.”

मग तू उठून तिला लिंबाचं सरबत करून दिलंस. ती पिऊन, वही घेऊन गेली. तू अर्धवट वाळलेल्या पट्ट्या तारेवरून काढल्यास, फडक्यात बांधल्यास आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या हाती एसटीनं बीबी गावाला मावशीकडं धाडून दिल्यास. ती तार पुढं नुसत्या कपड्यांसाठी राहिली. मावशीकडं गेलीस की तू चान्या खायचीस हे मला माहीत होतं. तिथून आलीस की तुझ्या बोटांना तो वास असायचा आणि मी काही न कळल्यासारखी अभ्यास करत बसायची. त्या वर्षी मला मॉरल सायन्समध्ये बक्षीस मिळालं होतं. एक पुस्तक, सिस्टरांच्या सहीचं.

शाळेच्या चर्चमध्ये एक लाकडी खोकं होतं. ख्रिश्चन मुली त्यात गुडघे टेकून जाळीतून फादरना आपली पापं सांगायच्या आणि बाहेर आल्या की डबा खायला पळायच्या. मला त्यांचा हेवा वाटायचा. एकदा सिस्टरांना मी विचारलंही होतं, आम्हाला जाता येईल का? त्या म्हणाल्या, ते तुमच्यासाठी नसतं, तू घरी आईला सांग. कसं सांगणार होते?

पुढं मीही चान्या खायला लागले. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर. मावशीकडून डबा यायचा, मावशीनंतर तिच्या सुनेकडून येतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागं, खालच्या फळीवर. घरात कोणी नसलं की दुपारी खिडक्या लावून दोन चान्या गॅसवर भाजायच्या, वरवंट्यानं ठेचायच्या आणि भाकरीबरोबर उभ्यानंच खायच्या. मग उदबत्ती. मुलाला मी कधी दिल्या नाहीत. त्याला वर्गात कोणी काही विचारू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. शेवटची दोन वर्षं तू आमच्याकडं होतीस, तेव्हाही मी तो डबा तुझ्यापासून लपवला. तुझ्या समोर बसून मी त्या कोणत्या तोंडानं खाणार होते?

काल पीठ थापून झालं. मी खिमा केला होता, आलं-लसूण घालून अगदी कोरडा. तुझ्या नातवानं चिकनचे सॉसेज आणले होते, त्याच्या चकत्या केल्या. पणतीनं निळं चीज बोटांनी कुस्करून पेरलं. मग मोबाइलमधला फोटो पुढं धरून म्हणाली, आपल्यात एक गोष्ट कमी आहे. फोटोत पिझ्झ्यावर मांसाच्या पातळ, गडद लाल पट्ट्या होत्या. तुझा नातू तिला समजावत होता की ते मीठ लावून टांगून वाळवलेलं मांस असतं, परदेशात त्याचं फार कौतुक, आपल्याकडं कुठं मिळायचं.

“माझ्याकडं आहे,” मी म्हटलं.

बोलून तर बसले. आता मागं फिरता येत नव्हतं. खाली वाकले, पिठाचा डबा सरकवला आणि तो पत्र्याचा डबा काढून ओट्यावर ठेवला. झाकण निघेना. पणती पुढं सरसावली. तुझा नातू मात्र जागचा हलला नाही. नुसता हसायला लागला, आणि हसत हसतच म्हणाला, “आई, हा डबा मला चौथीपासून माहीत आहे.”

मग त्यानं सांगितलं. मी ग्रंथालयात गेले की तू तो डबा काढायचीस. तुला तो पहिल्याच आठवड्यात सापडला होता. त्याला शेजारी बसवून चानी भाजायचीस, ठेचून त्याच्या तोंडात घालायचीस, आणि म्हणायचीस, मायनं इचारलं तं सांगजो, कुत्र्यानं खाल्लं. तो म्हणाला होता, आजी, आपल्याकडं कुत्रा कुठाय?

“हाय ना,” तू म्हणालीस. “लय जुनं हाय. तुह्या मायनंच आणलं व्हतं.”

आणि एवढं बोलून तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला आणि त्याला पाणी आणून द्यावं लागलं. कुत्र्याची गोष्ट काय ते तू त्याला सांगितलं नाहीस. म्हणालीस, तुह्या मायले इचार, ते सांगन तवा सांगन. त्यानं मला कधी विचारलं नाही. काल विचारलं.

मी सांगितलं. त्या दोघांपुढं ओट्याला टेकून उभी राहून सगळं सांगितलं. सायकल, वही, तार, सरबत. वाटलं होतं रडू येईल, पण नाही आलं. पणतीनं फक्त एवढंच विचारलं की मग आजी, तू पणजीला सॉरी म्हणालीस का? नाही म्हटलं. मग ती चान्या कोमट पाण्यात किती वेळ ठेवायच्या ते विचारायला लागली. मला तिचं ते फार बरं वाटलं. लगेच माफी नाही, रागही नाही, पुढचं काम.

चान्या भिजवून, बारीक उभ्या चिरून, तेलात कांद्याबरोबर परतून घेतल्या. पिझ्झ्यावर चीज, चीजवर खिमा, सॉसेज आणि सगळ्यात वर त्या. ओव्हन तापला तसा घरभर वास. कुठला चीजचा आणि कुठला चान्यांचा ते शेवटी मलाही सांगता आलं नसतं. स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. लावायच्या राहिल्या होत्या, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पिझ्झा एका बाजूनं जरा करपला. पणतीनं करपलेला भाग मला दिला, कारण आजीला कडक आवडतं असं तिनंच ठरवलं आहे. त्या निळ्या चीजची चव जिभेवर आधी कडू आली, मग खारट, आणि मग चानी दाताखाली आली तेव्हा दोन्ही एकमेकांत अशी मिसळली की मी दुसरा तुकडा मागून घेतला.

आज सकाळी उठले तेव्हा अंग हलकं होतं. ताप उतरल्यावर दुसऱ्या दिवशी लागते तशी भूक लागली होती. तू हसलीस म्हणजे तुला लागलंच नव्हतं असं नाही, एवढं मला कळतं. तार तू पुन्हा बांधली नाहीस. पण एवढी वर्षं मी समजत होते की तू ते माझ्याविरुद्ध मनात धरून गेलीस. तू तर त्याची एक गंमत करून माझ्या पोराजवळ ठेवून गेली होतीस, मी आपणहून त्याला सांगेन म्हणून. मी आपणहून सांगितलं नाही. काल त्याच्या हाती सापडले तेव्हाच सांगितलं.

हे पत्र माझ्या वहीतच राहील. टाकायला पत्ता नाही, आणि तुला वाचताही येत नव्हतं. बाबा वाचून दाखवायचे, तेही नाहीत. पण वही मिटण्याआधी एक राहिलं आहे. ती डॉक्टरांची मुलगी अजून बुलढाण्यातच असते, चार घरं सोडून. आम्ही दोघी रोज सकाळी फिरायला जातो. आज वाटेत तिनं विचारलं, काल तुझ्याकडं काय केलं होतं गं, वास येत होता? मी म्हटलं, पिझ्झा. मुलानं पुण्याहून चीज आणलंय, त्यालाच येतो तसला वास. ती म्हणाली, अगं मग मला बोलवायचं नाहीस का.

उद्या तिला खरं सांगेन, असं इथं लिहायला पेन टेकवलं होतं. पण तुझ्यापाशी आता खोटं लिहवत नाही. बहुतेक नाही सांगणार.